शिंगांना लागणारी कसर आणि सोमलाचा साबण

जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यांत किंवा एखाद्या निवृत्त जंगलअधिकाऱ्याच्या घरीं, भिंतीवर लाकडी ढालीस बसविलेलीं काळविटाचीं अथवा गव्याचीं शिंगें कोणीं पाहिलींच नाहींत असें सहसा व्हावयाचें नाहीं. पणजोबांनीं तीं आणलीं, आजोबांनीं दर दिवाळीस पुसून ठेवलीं, आणि नातवाच्या वेळीं एके दिवशीं केर काढतांना ढालीच्या बरोबर खालीं पिवळसर भुकटीचा लहानसा ढीग दिसला, असाच ह्या वस्तूंचा घरोघरचा इतिहास असतो. भुकटी झाडून टाकली तरी चारआठ दिवसांनीं पुन्हां पडते. मग शिंग उतरवून पाहावें तों त्याच्या बुडाशीं, जेथें तें कवटीच्या हाडावर टोपीसारखें बसलेलें असतें तेथें, बारीक खळगे पडलेले दिसतात आणि तपकिरी रंगाच्या, केसाळ, पोकळ काती सांपडतात. शिंगाला कसर लागलेली असते.

त्याच भिंतीवर सांबराचीं शिंगें असलीं तर तीं मात्र बहुधा शाबूत असतात. ह्याचें कारण असें कीं, मराठींत दोहोंना आपण शिंगच म्हणत असलों तरी त्या दोन वस्तू अगदीं भिन्न आहेत. सहाणेवर उगाळून लावतात तें सांबरशिंग म्हणजे निव्वळ हाड. तें ठराविक काळानें गळून पडतें व नवें फुटतें. गाय, म्हैस, गवा, मेंढा, काळवीट ह्यांचें शिंग हें हाडावर चढलेलें कवच असून ज्या द्रव्याचें नख, केस, लोकर, पक्ष्याचें पीस व साळिंदराचा कांटा बनतो त्याच द्रव्याचें तें बनलेलें असतें. रसायनशास्त्रांत त्यास केराटिन म्हणतात. त्याचे धागे गंधकाच्या सांध्यांनीं एकमेकांस असे घट्ट बांधलेले असतात कीं, बहुतेक प्राण्यांच्या पोटांत तें पचतच नाहीं. परंतु कांहीं थोड्या किड्यांच्या आंतड्यांत हे गंधकाचे सांधे तोडण्याची सोय निसर्गानें करून ठेवली आहे. पैठणीच्या पेटींतील शाल, भिंतीवरचें शिंग आणि कपाटांतला पेंढा भरलेला पक्षी ह्या तिन्ही वस्तू त्यांच्या दृष्टीनें एकाच पंगतींतलीं पक्वान्नें होत.

ह्यांपैकीं एका किड्याचें बारसें प्रसिद्ध स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस ह्यानें १७६१ सालीं केलें, आणि त्यास नांव दिलें तें ‘म्युझिओरम’, म्हणजे संग्रहालयांचा. नांवांतच तक्रार भरलेली आहे! हा भुंगेरा पुरता मसुराच्या दाण्याएवढाही नसतो. मोठा झाल्यावर तो अगदीं निरुपद्रवी असून फुलांवर बसून पराग खातो. नासधूस करते ती त्याची केसाळ अळी, आणि ती अंधारांत, फटींत, कोणाच्या नजरेस न पडतां महिनेच्या महिने काम करीत राहते. आफ्रिकेंत तर शिंगावरच उपजीविका करणाऱ्या पतंगाची एक जात आहे. रानांत पडलेल्या शिंगांतून तिच्या अळ्यांच्या मातकट नळ्या बोटांसारख्या बाहेर आलेल्या दिसतात. एकोणिसाव्या शतकांत तसलीं शिंगें युरोपांत गेलीं तेव्हां ही अळी जिवंत जनावराचें शिंग खाते कीं मेलेल्याचें, ह्यावर विद्वानांत चांगलाच वाद माजला होता. ती मेलेल्याचेंच खाते.

संग्रह करण्याची हौस युरोपांत सोळाव्या-सतराव्या शतकांत बळावली. व्यापारी जहाजें दूरदेशींचीं शिंगें, कातडीं, पक्षी व शिंपले आणूं लागलीं आणि धनिकांच्या घरीं नवलाईच्या वस्तूंचीं दालनें सजूं लागलीं. पण ह्या दालनांचें आयुष्य किती? शिंपला शंभर वर्षें टिके. पक्षी दहा वर्षें टिकला तरी धन्यानें नशीब मानावें, अशी स्थिति होती. ह्याचें सर्वांत दुःखद उदाहरण ऑक्सफर्डचें आहे. लंडनजवळ लॅम्बेथ येथें ट्रेडस्कंट पितापुत्रांचा मोठा संग्रह होता आणि १६५६ सालीं छापलेल्या त्याच्या यादींत मॉरिशस बेटांतील डोडो पक्ष्याचा उल्लेख आहे. तो संग्रह पुढें ॲश्मोल नांवाच्या गृहस्थाकडे व त्याच्याकडून ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे गेला, आणि १६८३ त तेथें संग्रहालय उघडलें. मॉरिशसचा डोडो १६६२ च्या सुमारास जगांतून नाहींसा झाला. पण ऑक्सफर्डच्या कपाटांतला त्याचा भाऊबंद कीड खात असतांही कसाबसा उभा होता. १७५५ च्या जानेवारींत विश्वस्तांनीं संग्रहाची पाहणी केली आणि कुजलेल्या, कीड लागलेल्या वस्तूंबरोबर डोडोलाही बाद केलें. कोणींतरी त्याचें डोकें व एक पाय तेवढा राखून ठेवला. विश्वस्तांनीं तो आगींत टाकला व कोणीं ज्वाळांतून डोकें ओढून काढलें, अशी जी कथा सांगतात ती रंजक असली तरी खरी नाहीं. जें वांचविण्याजोगें होतें तें वांचविलें गेलें, एवढेंच. विश्वस्तांना दोष देण्याचें कारण नाहीं. कोणताही प्राणी जगांतून समूळ नष्ट होऊं शकतो ही कल्पनाच तेव्हां रूढ झालेली नव्हती. दुसरा डोडो मागवितां येईल असें कोणास वाटलें असल्यास नवल नव्हे.

ज्यांच्याकडे बुद्धि होती तेही ह्या किड्यापुढें हतबल होते. फ्रान्समधील रेओम्यूर हा त्या काळचा थोर निसर्गशास्त्रज्ञ; उष्णतामापकावर त्याच्या नांवाची मोजपट्टी पुढें दीर्घकाळ चालू होती. लोकर व कातडीं कुरतडणाऱ्या कसरीवर त्यानें १७२८ सालींच निबंध लिहिला होता, आणि टर्पेंटाइनचें तेल व तंबाखूचा धूर ह्यांनीं ती मरते असें प्रयोगांनीं दाखविलें होतें. आपल्याकडे शालींच्या घड्यांत वेखंड, कापूर किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात, त्याच जातीचे हे उपाय. वास आहे तोंवर गुण. वास उडाला कीं कीड परत. रेओम्यूरनें पक्ष्यांचा फार मोठा संग्रह केला. ते कसे टिकवावे ह्यावर त्यानें १७४८ त लंडनच्या रॉयल सोसायटीसाठीं लेखही लिहिला. मद्यार्कांत बुडविणें, मसाल्याच्या पुडी भरणें, भट्टींत भाजून सुकविणें असे नानाविध मार्ग त्यांत आहेत. त्याच्या मृत्यूनंतर १७५७ त तो संग्रह राजाच्या दालनांत गेला, त्यावरून ब्रिसन ह्यानें पक्ष्यांवरील मोठा ग्रंथ रचला, आणि ग्रंथ उरला पण पक्षी गेले. त्या राजसंग्रहांत पुढें गंधकाची धुरी देण्याचा प्रघात पडला. गंधकानें कीड मरे, परंतु पिसांचे रंगही उडून जात.

ह्या सर्व विद्वानांना जें साधलें नाहीं तें मेट्स गांवच्या एका औषधविक्रेत्यानें साधलें. त्याचें नांव झां-बातीस्त बेकर. जन्म १७१८, मृत्यु १७७७. पक्षी जमविणें हा त्याचा छंद, आणि दुकानांत हरतऱ्हेचीं द्रव्यें हाताशीं असल्यानें एकामागून एक प्रयोग करून पाहण्यास तो मोकळा होता. अखेरीस त्याच्या ध्यानांत आलें कीं, उडून जाणारें द्रव्य येथें कामाचें नाहीं. जें जागचें हलत नाहीं, वाळत नाहीं, शिळें होत नाहीं, असें विष पाहिजे. तसलें विष म्हणजे सोमल. परंतु कोरडी सोमलाची पूड कातड्यावर ठरत नाहीं, झडून जाते. तेव्हां त्यानें साबणाची युक्ति काढली. पुढें छापलेल्या कृतींत मापें अशीं दिलीं आहेत: पांढरा साबण दोन रत्तल, सोमलाची पूड दोन रत्तल, जवखाराच्या जातीचा पोटॅशचा क्षार बारा औंस, चुन्याची भुकटी चार औंस आणि कापूर पांच औंस. साबण किसून मंद आंचेवर पाण्यांत वितळवावयाचा, त्यांत बाकीचें घालून लोण्यासारखा लगदा करावयाचा आणि पक्ष्याचें कातडें उलटें करून आंतल्या बाजूस ब्रशानें माखावयाचा. एकदां लावलें कीं काम झालें. कातड्याला तोंड लावणारी अळी तेथेंच मरते, मग ती दुसऱ्या वर्षीं येवो कीं शंभराव्या.

बेकरनें ही कृति हयातभर कोणास सांगितली नाहीं. औषधविक्रेत्याच्या जातीस तें शोभूनही दिसतें. आपल्याकडील वैद्यही रामबाण मात्रेची कृति मुलालाच सांगत, तीही मरणाच्या वेळीं. परंतु मेट्समध्यें राहणाऱ्या एका मुलास बेकरचा सहवास लाभला होता. हा मुलगा म्हणजे पुढें आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशीं १७८१ ते १७८४ पर्यंत भटकून दोन हजारांहून अधिक पक्षी आणणारा प्रवासी लव्हायाँ. तिकडच्या उन्हापावसांत मिळविलेले पक्षी युरोपांत धड पोंचले आणि ह्या विद्येचें मोल सर्वांच्या लक्षांत आलें. १८०० च्या सुमारास कृति छापून निघाली, आणि १८०३ सालीं पॅरिसच्या संग्रहालयांतील दुफ्रेन ह्यानें एका मोठ्या कोशांत ह्या कलेवर लेख लिहून तिला ‘टॅक्सिडर्मी’ हें नांव दिलें. त्यानंतर सोमलाचा साबण जगभर पसरला. १८०० पूर्वींचे पेंढा भरलेले पक्षी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तर त्यानंतरचे मात्र लाखांनीं आहेत, ह्याचें एक मोठें कारण मेट्सच्या त्या दुकानांत आहे. प्राण्यांच्या जाती निश्चित करण्याचें शास्त्रच मुळीं अशा नमुन्यांवर उभें राहिलें. नांव देतांना जो नमुना समोर होता तोच नाहींसा झाला, तर नांव कोणाचें हें ठरवावें कसें?

सर्वांनींच सोमल पत्करला असें मात्र नव्हे. यॉर्कशायरचा विक्षिप्त जमीनदार चार्ल्स वॉटर्टन हा सोमलाचा कट्टा वैरी. त्याचें म्हणणें असें कीं, साबण आंतून लावतां, पण किडा बाहेरून पिसें, चोंच, नखें, शिंगें खातो त्याचें काय? आक्षेप बिनतोड होता. तो सबंध कातडें मद्यार्कांत विरघळविलेल्या रसकापरांत बुडवून काढी. दक्षिण अमेरिकेंतील गियानांत असतां ही विद्या त्यानें जॉन एडमनस्टन नांवाच्या एका काळ्या गुलामास शिकविली. पुढें मुक्त होऊन हा मनुष्य स्कॉटलंडांत आला आणि एडिंबरो येथें पक्षी भरण्याचे धडे देऊं लागला. १८२६ त त्याच्याकडे शिकावयास येणाऱ्यांत वैद्यकाचा एक सतरा वर्षांचा कंटाळलेला विद्यार्थी होता, त्याचें नांव चार्ल्स डार्विन. बीगल जहाजावरून डार्विननें जे पक्षी पाठविले ते तयार करण्याची कला त्यानें एका मुक्त गुलामापासून घेतली होती, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत ठळक छापावी इतक्या योग्यतेची आहे. वॉटर्टननें तयार केलेले प्राणी वेकफील्ड येथील संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. अर्थात् रसकापूर म्हणजे पाऱ्याचें विष. सोमलाच्या जागीं पारा, एवढाच काय तो फरक.

मुंबईच्या हवेंत ह्या विद्येची कसोटी आणखी कडक होती. चार महिने पावसाची दमट हवा, मग उकाडा, आणि बुरशी व किडा ह्यांना बारमाही सुकाळ. १८८३ च्या सप्टेंबरच्या १५ तारखेस मुंबईंत आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून इतिहासास ठाऊक असलेले सखाराम अर्जुन. पुढच्या वर्षीं फिप्सन नांवाच्या मद्यव्यापाऱ्याच्या दुकानांतील खोलींत संस्थेचे नमुने ठेवण्यांत आले. मद्याचे बुधले एका बाजूस आणि वाघाचीं, गव्याचीं शिरें दुसऱ्या बाजूस, असा तो संसार होता. तेथील कपाटांचे खण दहाबारा वर्षांच्या एका मुलास उघडून दाखविण्यांत आले. गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी त्यानें मारली होती व ती कोणत्या जातीची हें विचारण्यास तो आला होता. संस्थेचे चिटणीस मिलर्ड ह्यांनीं एकामागून एक खण ओढून हिंदुस्थानांतील पक्षी त्याच्यापुढें मांडले, आणि सालिम अली ह्यांच्या आयुष्याची दिशा तेथें ठरली. ते खण कसरीनें रिकामे केले असते तर? त्या काळच्या सर्वत्र रूढीप्रमाणें असल्या खणांची राखण सोमलच करीत असे, हें विसरून चालणार नाहीं.

परंतु राखणदाराला आपला आणि परका कळत नव्हता. ब्रश धरणाऱ्यांच्या नखांखालीं सोमल जाऊन तेथें जखमा होत, बोटें चिघळत, आणि कांहींच्या पोटांत गेल्यावर काय होई तें सांगावयास नको. इंग्लंडांतील लेस्टर येथील मोन्टेग्यू ब्राऊन ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्याविरुद्ध कंठरवानें लिहिलें आणि सोमलावांचून साबण करून दाखविला. त्याचें कोणीं फारसें ऐकलें नाहीं. सोमलाचा गुण दिसत होता, दोष हळूहळू भिनत होता, आणि मनुष्याचा स्वभाव असा कीं डोळ्यांपुढचें खरें मानावें. शिंगांचा प्रश्न तर साबणानें सुटतच नसे. म्हणून शिंगांवर व केसांवर सोमलाचें अथवा रसकापराचें पाणी मारण्याची, कपाटांतून पूड शिंपडण्याची चाल पडली. डांबराच्या गोळ्या आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.ही आलें. संग्रहालयांतून सोमलाचा वापर १९८० च्या सुमारापर्यंत कोठें कोठें चालू होता.

ह्याचा हिशेब चुकता करण्याची पाळी आली ती अमेरिकेंत, आणि ज्यांनीं सोमल कधीं मागितलाही नव्हता अशा लोकांवर. १९९० सालीं तेथें कायदा झाला कीं, मूळच्या रहिवाशांच्या पवित्र वस्तू संग्रहालयांनीं ज्यांच्या त्यांना परत कराव्या. ॲरिझोनांतील होपी लोकांना त्यांच्या उत्सवांतील मुखवटे व इतर वस्तू परत मिळूं लागल्या. ह्या वस्तूंत चामडें, पिसें, केस, शिंगें असतात. होपींच्या दृष्टीनें त्या निर्जीव वस्तूच नव्हेत. त्या जिवंत असून त्यांना अन्न द्यावें लागतें, आणि उत्सवांत मुखवटा तोंडावर चढवून नाचावें लागतें. तपासणी केली तेव्हां त्यांतल्या कांहींत सोमल निघाला. म्हणजे पांचपन्नास वर्षांपूर्वीं कोण्या जबाबदार पालानें किडीपासून रक्षण व्हावें म्हणून जें शिंपडलें तें आतां देवाच्या मुखवट्यामागून भक्ताच्या श्वासांत जाणार होतें. होपींनीं वस्तू परत घेण्याचें काम थांबविलें. संग्रहालयवाल्यांचा हेतु वाईट नव्हता, ही गोष्ट खरी. पण वस्तु कांचेमागें कायमची राहणार, तिला पुन्हां कोणी तोंडाशीं धरणार नाहीं, हें त्यांनीं कोणास न विचारतां गृहीत धरलें होतें. सोमल घालणाऱ्या बहुतेकांनीं काय घातलें ह्याची नोंदही ठेवली नाहीं. आणि सोमल हें मूलद्रव्याचें विष असल्यानें तें विरत नाहीं. बेकरनें जो गुण शोधला तोच येथें शाप ठरला.

आतां मोठीं संग्रहालयें विषाच्या वाटेस सहसा जात नाहींत. वस्तु जाड प्लास्टिकच्या पिशवींत हवाबंद करून उणे तीस अंशाच्या थंडींत तीन दिवस, अथवा उणे अठरा-वीस अंशांत दोन आठवडे ठेवली कीं अंडीं, अळ्या व भुंगेरे सर्व मरतात. थंडी सोसणार नाहीं अशा वस्तूंच्या पिशवींतील प्राणवायु काढून नत्रवायु भरतात आणि कांहीं आठवडे तशीच राहूं देतात. किडा गुदमरून मरतो, रंगास धक्का लागत नाहीं, आणि मागें कांहीं उरत नाहीं. ह्यांत दोष एवढाच कीं पुढचें रक्षणही होत नाहीं. दाराखिडक्यांशीं चिकट कागद ठेवून किडा आला कीं नाहीं हें वर्षभर पाहत राहावें लागतें.

घरीं शिंगें असतील त्यांनाही हीच रीत पुरते. पिशवी घट्ट बांधलेली असावी, आणि बाहेर काढल्यावर शिंग घराच्या हवेइतकें कोमट होईपर्यंत ती उघडूं नये, नाहींतर थंड शिंगावर दंव धरतें. मात्र आजोबा-पणजोबांच्या काळांतलें, कातडें अथवा केस असलेलें शिर असेल तर त्यावर सोमल आहे असेंच धरून चालावें. तें हातमोज्यांवांचून हाताळूं नये, झटकणीनें झाडूं नये, मुलांच्या हातीं तर देऊंच नये, आणि अन्न ठेवण्याच्या शीतपेटींत मुळींच घालूं नये. पांढरी पूड दिसली नाहीं म्हणून सोमल नाहीं असें होत नाहीं. शिवाय १९७२ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्याप्रमाणें काळविटासारख्या अनेक प्राण्यांचीं शिंगें बाळगण्यास मालकीचें प्रमाणपत्र लागतें. कागद कोठें आहे तेंही त्याच वेळीं पाहून ठेवावें.

ऑक्सफर्डच्या डोडोचें डोकें व पाय अद्याप तेथें आहेत. त्या डोक्यावर थोडें कातडें शिल्लक आहे. २००२ सालीं शास्त्रज्ञांनीं त्या अवशेषांतून घेतलेल्या अल्पशा कणावरून डोडो हा कबुतरांच्या कुळांतला असल्याचें आनुवंशिक द्रव्य तपासून पक्कें केलें, आणि २०१८ त क्ष-किरणांनीं त्याच्या कवटींत शिशाचे छर्रे सांपडले. पक्षी कोणीतरी मागून गोळी घालून मारला होता. बाकीचें अंग असतें तर आणखी काय कळलें असतें तें १७५५ च्या आधींच किड्यांनीं खाऊन टाकलें.